ओळंब्याची साक्ष

चिंगी दीड महिन्याची झाली तरी तिच्या आजोबांनी तिला एकदाही हातात घेतलं नव्हतं.

त्या रविवारी उपासना आटोपून आम्ही धाकटीच्या घरी चहाला जमलो होतो. धाकटी म्हणजे माझी बहीण. चिंगी तिची नात, माझ्या भाचीची पोर. भाचीनं पोरीला दुपट्यात गुंडाळून आतून आणलं आणि सरळ आपल्या बापापुढे धरलं.

"बाबा, आज तरी घ्या. बघा कशी टकमक बघतेय."

तो दोन पावलं मागे सरकला आणि त्यानं हात पाठीमागे नेले. "नको गं. इथूनच बघतो ना. छान दिसतेय."

"बघायला ती काय टीव्ही आहे?" भाची हसत म्हणाली. मग तिचं हसू गेलं. "बाबा, अहो, सात बोटांनीसुद्धा पोर धरता येते. कुणी हसणार नाहीये तुम्हाला."

"बोटांचं नाही गं." तो म्हणाला. "माझं लक्ष ठिकाणावर नसतं, तुला ठाऊक आहे. तेव्हा चुकलो ते माझ्यापुरतं निभावलं. हिला काही झालं तर?"

धाकटी उगीचच कपबश्या गोळा करायला लागली. भाचीनं मनगटानं डोळे पुसले, इकडेतिकडे बघितलं आणि पोर माझ्या हातात दिली. "मामा, तू घे."

आणि मी घेतली! लाज कशी वाटली नाही म्हणाल तर वाटली, पण लाज वाटूनही माणूस पुष्कळ गोष्टी करतो. दहाच्या दहा बोटांनी घेतली. वर "कोण आलं, कोण आलं" करून तिला हसवायलाही गेलो. तिचा बाप... चुकलो, तिचा आजोबा, लांबून कौतुकानं बघत होता. म्हणाला, "दादांचा हात खात्रीचा." धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. पण धरणीला दुसरी कामं असतात.

आता हा आजोबा कोण ते सांगतो. आम्ही दोघं लिफ्टचे मेकॅनिक. तो माझ्या बहिणीचा नवरा झाला नंतर, आधी माझा जोडीदार. त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. लिफ्ट ज्या रुळांवरून वरखाली जाते ते रूळ उभे सरळ बसवायला ओळंबा सोडतात, आणि हा पठ्ठ्या ओळंबा सोडायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी सांगायचा, "दादा, डावीकडे सुतभर गेलाय." बघावं तर सुतभरच गेलेला असायचा. वागण्यातही तसाच. बोलला ते केलं, केलं ते सांगितलं. मी मात्र पहिल्यापासून चालढकल करणारा. माझ्या हाताखाली तो शिकला, पण खरं सांगायचं तर त्याच्यामुळे माझं नाव चांगलं झालं.

आमच्या कामात एक नियम आहे. तीन हाका, मग खटका. एक माणूस खाली लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरलेला असतो, दुसरा वर मोटरच्या खोलीत मेन स्विचपाशी. खालचा बाहेर आला की ओरडतो, "बाहेर!" वरचा विचारतो, "बाहेर?" खालचा पुन्हा ओरडतो, "बाहेर!" या तीन हाका झाल्या की मगच वरच्यानं खटका वर करायचा. बाप मेला तरी त्याच्या आधी नाही. मोटरच्या खोलीत भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. त्या खोलीतही होतं. मी ते वाचत उभा होतो.

अकरा वर्षं झाली. पाच मजली इमारत, दुपारचे चार वाजून गेले होते. खड्ड्यात लिफ्ट थांबवायचं एक लाल बटण असतं, तेच बिघडलं होतं आणि तेच बदलायला ओळंबा खाली उतरला होता. बटण बदलून झालं. पण खड्ड्यात कोपऱ्यात एक कप्पी असते, तिच्यावरून तारेचा दोर फिरतो, त्या कप्पीवर त्याला चिकटा दिसला. कुणी सांगितलं नव्हतं, पण दिसला म्हणून पुसत बसला. मला वर हे काय माहीत! मला पाचला चर्चच्या मंडळीच्या सभेला पोचायचं होतं. त्या दिवशी मंडळीचा कारभार बघणारे नवे पंच निवडणार होते आणि माझं नाव पुढे होतं. घरी जाऊन शर्ट बदलायचा होता. एवढंच कारण. शर्ट.

खालून काही हाक आली नाही. दुसऱ्या मजल्यावर कुठेतरी दार आपटलं. मी मलाच म्हणालो, आला वाटतं बाहेर. विचारलंसुद्धा नाही. खटका वर केला.

त्याची किंकाळी मी आजही ऐकतो, त्याबद्दल जास्त काही बोलत नाही. उजव्या हाताची मधली तीन बोटं कप्पीत गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

इथपर्यंत माझी चूक झाली असं म्हणता येईल. चूक कुणाचीही होते. पुढचं मात्र मी डोक्यानं केलं. मी धावत खाली गेलो, त्याला खांद्यावर टाकलं, रस्त्यावर आणलं, इस्पितळात नेलं. ऑपरेशन झाल्यावर तो अर्धवट शुद्धीवर आला, जीभ जड, डोळे फिरलेले. त्यानं विचारलं, "दादा, काय झालं?" आणि मी त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणालो, "अरे, 'बाहेर' म्हणालास आणि परत हात कशाला घातलास रे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणालो मी?"

"दोनदा म्हणालास. मी विचारलं, तू पुन्हा म्हणालास."

"म्हणालो असेन," तो म्हणाला. माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास होता. स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त.

कंपनीच्या चौकशीतही मी तेच सांगितलं. त्यानं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. त्याचं मेकॅनिकचं काम गेलं, सुट्या भागांच्या गोदामात खिडकीवर बसवलं त्याला. मी पुढे सुपरवायझर झालो. आणि हे ऐका, कारण हेच सगळ्यात वाईट आहे. त्या संध्याकाळी, त्याचं ऑपरेशन चालू असतानाच, मी इस्पितळातून थेट सभेला गेलो. शर्ट बदललाच नव्हता, खांद्यापासून कमरेपर्यंत त्याचं रक्त. लोकांनी मला बघितलं आणि बायका रडायला लागल्या. जोडीदाराला खांद्यावरून आणणारा माणूस! एकमतानं पंच केलं मला. नाही म्हणायला तोंड होतं, पण मी मूग गिळून बसलो.

तेव्हापासून ओळंबा बदलला. गॅस बंद केला की परत जाऊन बघायचा, मग आणखी एकदा जाऊन बघायचा. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. गोदामात कुणी दहा बोल्ट मागितले तर तीनदा मोजायचा, आणि खिडकीबाहेर रांगेतली पोरं चेष्टा करायची. सायकल सोडली. रस्ता ओलांडताना धाकटीचा हात धरायला लागला. ज्याच्या डोळ्यावर अख्ख्या इमारतीचे रूळ सरळ झाले, तो माणूस पेला टेबलाच्या कडेपासून आत सरकवत बसायचा. धाकटी म्हणायची, "दादा, ह्यांनी बोटं गमावली ते ठीक, पण डोकं कुठं ठेवून आले?" मी म्हणायचो, "होईल सावकाश." वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ना, तो मी.

आणि दर वर्षी त्या तारखेच्या जवळच्या रविवारी तो मंडळीत उभा राहून साक्ष द्यायचा. म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. "माझ्याच हलगर्जीपणामुळे मी मरणार होतो. प्रभूनं मला राखलं, आणि दादांना माझ्यासाठी पाठवलं." मंडळी म्हणायची, "आमेन." मी पुढच्या बाकावर पंचांच्या रांगेत. मीही म्हणायचो. अकरा वर्षं अकरा वेळा.

तुम्ही म्हणाल, देवाची भीती नव्हती का? होती की! रोज कबूल करायचो. गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी आणून. प्रभू, मी पापी आहे, क्षमा कर. आणि उठताना हलकं वाटायचं. देवाकडे शंभरदा कबूल केलं, कारण देव कुणाला जाऊन सांगत नाही. बायको होती तोवर तिलाही कळू दिलं नाही. ती गेल्याला आता सहा वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत ती म्हणाली होती, "तुमच्यासारखा सरळ माणूस मिळाला मला." हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो होतो.

चिंगीचा बाप्तिस्मा पुढच्या रविवारी ठरला होता. आमच्या मंडळीत बाळाला दारापासून वेदीपर्यंत आईचा बाप घेऊन जातो. हे कुणी ठरवलं कोण जाणे, पण चालत आलंय. त्या दिवशी चहा झाल्यावर मी चपला घालत होतो तर ओळंबा माझ्यामागे दारात आला.

"दादा, एक मागायचंय. रविवारी चिंगीला तुम्हीच न्या. मी पोरीशी बोललोय, ती रडली, पण तयार झालीय. मला नाही जमणार. भर मंडळीत माझ्या हातून काही झालं तर मी जगणार नाही."

मी काय म्हणालो असेन? "बरं," म्हणालो.

तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी पाळकसाहेबांकडे गेलो. वयानं माझ्या निम्मा आहे हा माणूस, भीडभाड कशाला म्हणतात ठाऊक नाही. सभागृहात एक बाक उलटा करून त्याच्या पायाला खिळा ठोकत बसला होता. मी शेजारी बसलो आणि सगळं ओकलो. हाक, दार, खटका, इस्पितळ, शर्ट. मनात असं होतं की हा डोक्यावर हात ठेवील, प्रार्थना करील, म्हणेल, देवानं तुम्हाला केव्हाच क्षमा केली, जा शांतीनं. मग मी शांतीनं जाणार होतो आणि रविवारी पोरीला घेऊन वेदीपर्यंत चालणार होतो.

त्यानं हातोडी खाली ठेवली. म्हणाला, "मला कशाला सांगताय? बोटं माझी गेली का?"

"तुम्ही पाळक आहात, साहेब. देवाच्या वतीनं..."

"देवाच्या वतीनं तुम्हाला सोडून देऊ, आणि तो माणूस तिकडे गॅसची बटणं तपासत बसू दे? चांगला सौदा आहे."

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, "मग कृपा कृपा म्हणून दर रविवारी काय सांगता आम्हाला? फुकट मिळते म्हणता ना?"

"फुकटच मिळते," तो म्हणाला. "पण ज्यानं चूक केली त्याला मिळते. तुम्ही अकरा वर्षं ज्याला देवापुढे बसवताय तो दुसराच कुणी आहे. जोडीदाराला खांद्यावर आणणारा. त्याला क्षमा कशाला हवी? त्यानं केलंय काय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मीही येतो पाहिजे तर. दाराशी उभा राहीन."

"नको," म्हटलं. "माझं मी बघतो." तरी त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोच खांदा, आणि मी निघताना प्रार्थना केली. दोन वाक्यांची. ह्यांना धीर दे एवढंच मागितलं, क्षमेचं नाव काढलं नाही.

शनिवारी संध्याकाळी गेलो. ओळंबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, धाकटी भांडी घासत होती. भाची आतल्या खोलीत पोरीला निजवत होती. धाकटी म्हणाली, "ये रे, बरं झालं आलास, उद्याचं ठरवून टाकू." मी म्हटलं, "आधी नळ बंद कर." माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तिनं मुकाट्यानं बंद केला.

मी उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर परत काहीतरी शेंड्या लावल्या असत्या. पाठ केलेलं सगळं विसरलो आणि नुसतं म्हणालो, "तू हाक मारलीच नव्हतीस. मी खोटं बोललो."

ओळंब्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. तो काम समजून घेताना विचारायचा तसं विचारायला लागला.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग तुम्ही वरून विचारलंत?"

"नाही."

"आवाज कसला आला?"

"दुसऱ्या मजल्यावर दार आपटलं."

"आणि तुम्ही खटका वर केला."

"केला."

"कशासाठी घाई होती?"

मी सांगितलं. शर्टाचंही सांगितलं. धाकटीनं हातातलं पातेलं तसंच धरलं होतं, त्यातून साबणाचं पाणी तिच्या पायावर ओघळत होतं.

तो म्हणाला, "दादा, मी अकरा वर्षं रोज अंथरुणावर पडलो की आठवतोय. मी 'बाहेर' केव्हा म्हणालो. कुठं उभा राहून म्हणालो. शिडीवर होतो का वर आलो होतो. सगळं आठवतं, बटण आठवतं, कप्पी आठवते, चिंध्या कुठल्या रंगाच्या होत्या ते आठवतं. तेवढंच आठवत नाही. मला वाटायचं माझ्या डोक्यात भोक पडलंय. एक आहे म्हणजे आणखीही असतील. कधी, कुठं, कुणाच्या जिवावर बेतेल..." आणि तो रडायला लागला. तोंड झाकायला त्यानं हात वर नेला, तो हात, आणि मला तिकडे बघवेना.

"मला माफ कर," मी म्हणालो. किती फुटकळ वाटलं म्हणून सांगू!

धाकटीनं पातेलं आपटलं. "माफ कर? दादा, बोटांचं मी सोडून दिलं असतं. कामात होतं. पण ह्या माणसाला मी वेडा समजले रे! माझ्या तोंडानं बोलले ह्यांना, डोकं कुठं ठेवलंत म्हणून! तू समोर बसून ऐकत होतास. चहा पीत होतास! ऊठ. चालता हो माझ्या घरातून."

"मी उभाच आहे," मी म्हणालो. मूर्खासारखा.

"थांब," ओळंबा तिला म्हणाला. त्यानं नाक पुसलं, फळीवरून वही काढली, पेन काढलं आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. "लिहून द्या. कंपनीला. दोन प्रती, एक मला."

मी बसलो आणि लिहिलं. तो माझ्या मागे उभा राहून वाचत होता. मी लिहिलं होतं, 'खालून बहुधा आवाज आल्याचा माझा समज झाला व अनवधानाने मी स्विच चालू केला.'

"'बहुधा' खोडा," तो म्हणाला.

खोडलं.

"समज झाला नव्हता. समज करून घेतला होता. तसं लिहा."

लिहिलं.

"'अनवधानाने' खोडा. 'घाईने' लिहा. कसली घाई तेही लिहा."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यासमोर असा उभा होता. चूक कुठे आहे ते बघत होता आणि सरळ करून घेत होता. पुन्हा वाचलं नाही त्यानं. एकदाच वाचलं. मी सही केली, त्यानं दुसरी प्रत घडी घालून खिशात ठेवली आणि पंचपदाचं काय असं विचारलंसुद्धा नाही. मीच म्हटलं, "उद्या मंडळीत सांगतो." क्षमेचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही, आणि मागायला माझं तोंड उघडलं नाही.

तो आतल्या खोलीकडे गेला. दार अर्धवट लोटलेलं होतं. भाचीचा आवाज आला, "बाबा?" पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण धाकटीनं तोवर मला जिन्यात काढून दार लावलं होतं.

रविवारी मी लवकर गेलो. पंचांच्या रांगेत बसायचं धाडस नव्हतं आणि हक्कही नव्हता. पाळकसाहेबांनी उपासनेच्या सुरुवातीलाच मला बोलावलं. दोन मिनिटं बोललो असेन. "दर वर्षी तुम्ही जी साक्ष ऐकता ती खोटी आहे. देणाऱ्यामुळे नव्हे, माझ्यामुळे खोटी आहे. त्याचा काही हलगर्जीपणा नव्हता. हाक न ऐकता खटका मी वर केला आणि दोष त्याच्या माथी मारला. तुम्ही मला पंच केलंत ते त्याच्या रक्तावर. आजपासून मी पंच नाही." मला पंच करताना रडलेल्या बायकांपैकी एक म्हातारी पहिल्या बाकावर होती, तिनं मान दुसरीकडे फिरवली. मी चालत चालत सगळ्यात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. एवढं लांब ते सभागृह मला कधी वाटलं नव्हतं.

मग दार उघडलं आणि ओळंबा पोरीला घेऊन आत आला.

डाव्या हातावर तिचं डोकं, उजवा हात तिच्या पाठीखाली. मान ताठ. तो खाली बघत नव्हता, पायांकडे नाही, हातांकडे नाही, सरळ समोर वेदीकडे बघत होता. माझ्या बाकाजवळून गेला. भाची मागून येत होती, तिचा सगळा चेहरा रडून सुजला होता आणि ती हसत होती. पाळकसाहेबांनी पाणी घातलं तेव्हा चिंगीनं टाहो फोडला, तर त्यानंच तिला खांद्याला लावून थोपटलं. कुणाकडे दिली नाही. इतका वेळ की भाचीला हात पुढे करून मागावी लागली.

त्यानंतर प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या नावानं सगळ्यांनी मिळून भाकर घ्यायची. अकरा वर्षं भाकरीची थाळी माझ्या हातात असायची, बाकाबाकानं मी फिरवायचो. आज दुसरा पंच फिरवत होता. मी ठरवलंच होतं, घ्यायची नाही. कुठल्या तोंडानं घेणार? थाळी माझ्यापुढे आली तेव्हा मी मान हलवली. त्या पंचानंही आग्रह केला नाही, घाईनं पुढे सरकला. त्याचंही काही चुकलं नाही. मी खाली फरशीकडे बघत बसलो. वाटलं, इथून पुढे असंच. आपली जागा हीच.

कुणीतरी बाकाशी येऊन उभं राहिलं. आधी बूट दिसले. वर बघितलं तर ओळंबा होता. पुढच्या बाकावरून उठून, त्या पंचाच्या हातातली थाळी घेऊन अख्खं सभागृह ओलांडून आला होता. थाळी डाव्या हातावर. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत भाकरीचा तुकडा धरलेला.

"घ्या," तो म्हणाला.

"मला नको रे," मी म्हणालो. "मला नाही घेववत."

"मला राग आलाय, दादा." तो हळू बोलत होता. "भयंकर राग आलाय. रात्रभर डोळा लागला नाही. किती दिवस राहील सांगता येत नाही. तुमच्या घरी इतक्यात येणार नाही मी, आणि हीही येणार नाही. पण हे माझ्या घरचं नाही. हे ज्याचं आहे त्यानं तुम्हाला नको म्हटलेलं नाही, मग मी कोण अडवणारा? घ्या."

मला हात वर करता येईना. अख्खी मंडळी मागे वळून बघत होती. धाकटी तेवढी बघत नव्हती, ती समोर तोंड करून ताठ बसली होती. त्यानं तुकडा माझ्या तोंडाजवळ आणला. लहान मुलाला भरवतात तसा. करंगळीला जोर नसतो, त्यामुळे त्याचा हात थरथरत होता, पण तुकडा त्यानं पडू दिला नाही.

मी तोंड उघडलं. भाकर जिभेवर आली आणि घशाखाली उतरेना. रडू वर येत होतं आणि भाकर खाली जात नव्हती. मला वाटलं तो आता जाईल, त्याचं काम झालं.

तो गेला नाही. मी गिळेपर्यंत तिथेच उभा राहिला.